बैलाच्या हाती साम्राज्य आले तर? क्क्री, वऱ्हाड आणि वाघावरचे बक्षीस

१/
साध्या स्वभावाच्या माणसाला आपण मराठीत ‘गरीब गाय’ म्हणतो आणि शूराला ‘वाघ’. गवत खाणारा तो गरीब, मांस खाणारा तो हिंस्र, अशी वाटणी भाषेनेच करून ठेवली आहे. १९८४ साली अमेरिकेत छापलेल्या एका खेळाच्या पुस्तकाने ही वाटणी उलटी करून दाखवली. ती कशी, आणि तिचा आपल्या यवतमाळच्या इतिहासाशी काय संबंध, ते या धाग्यात पाहू.

२/
प्रथम खेळाविषयी. रोलप्लेइंग गेम म्हणजे टेबलाभोवती बसून, फासे टाकून, प्रत्येकाने एकेका पात्राची भूमिका घेऊन रचलेली गोष्ट. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांच्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ने १९७४ साली या प्रकाराची सुरुवात केली. १९७७ मध्ये मार्क मिलर यांचा ‘ट्रॅव्हलर’ आला. त्यात तलवारी आणि राक्षसांच्या जागी अंतराळयाने, व्यापार, साम्राज्ये आणि परग्रहवासी होते.

३/
‘ट्रॅव्हलर’च्या पहिल्याच नियमपुस्तकांत अनोळखी ग्रहावरच्या प्राण्यांसाठी तक्ते होते. प्राण्याची वर्गवारी त्याच्या रूपावरून न करता तो पोट कसे भरतो यावरून केलेली होती: चरणारे, झडप घालणारे, पाठलाग करणारे, सापळा लावणारे, दुसऱ्याची शिकार हिसकावणारे. प्रत्येक वर्गापुढे पळण्याचा आणि हल्ल्याचा आकडा होता. लक्षात घ्या, चरणाऱ्यांपुढेही हल्ल्याचा आकडा होताच.

४/
विज्ञानकथेत तोवर रूढ असलेला शाकाहारी परग्रहवासी बहुधा भित्रा असे. लॅरी निव्हन यांच्या कथांतील ‘पपेटियर’ हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. १९७० च्या ‘रिंगवर्ल्ड’ कादंबरीत तो भेटतो. तीन पाय, दोन माना, कळपाची वृत्ती आणि भित्रेपणालाच सद्गुण मानणारी संस्कृती. त्याच्यासमोर क्झिन हे मांजरासारखे मांसाहारी योद्धे. म्हणजे पुन्हा गाय आणि वाघ, फक्त ताऱ्यांमध्ये.

५/
मग १९८४ मध्ये ‘ट्रॅव्हलर’च्या परग्रहवासीयांवरील मालिकेत क्क्री या जमातीवर स्वतंत्र पुस्तक निघाले. चार पाय, दोन हात, घोड्याहून भारदस्त देह. मानव त्यांना ग्रीक पुराणातील अश्वमानवांचे नाव देतात. मूळ ग्रह किरूर, राज्याचे नाव ‘दोन हजार जगे’. विस्तीर्ण गवताळ मैदानांवर चरत चरत बुद्धिमान झालेला हा प्राणी.

६/
क्क्री एकटा राहू शकत नाही. कळपाबाहेर पडला की त्याचे मन ढासळते. बंदिस्त जागेचे त्याला विलक्षण भय वाटते, म्हणून त्यांच्या यानांत खोल्या नसून मोठी मोकळी दालने असतात. एखादा क्क्री वकील म्हणून परदेशी गेला तर बायका, नोकर आणि रक्षक असा सारा कुटुंबकबिला बरोबर निघतो. खेळात क्क्रीची भूमिका घेणे म्हणूनच अवघड: खेळाडूला एक व्यक्ती न साकारता एक छोटा कळप साकारावा लागतो.

७/
आता या भित्र्या कळपाचा इतिहास पाहा. आरंभीच्या काळात त्यांना ‘ग्नाक’ नावाच्या मांसाहारी शत्रूशी झुंजावे लागले. क्क्रींनी ग्नाकांचा निर्वंश केला. पण शत्रू संपला तरी शब्द उरला. पुढे प्रत्येक मांसाहारी जीव, मग तो कोणत्याही ग्रहावरचा असो, ‘ग्नाक’ ठरला आणि विश्व ग्नाकमुक्त करणे हे राज्याचे कर्तव्य ठरले.

८/
त्यांच्या अमलाखाली आलेल्या जमातींपुढे दोनच मार्ग असत: मांस सोडा किंवा नाहीसे व्हा. मानवी वकिलाने त्यांच्या दरबारी जाण्यापूर्वी दीर्घकाळ मांस वर्ज्य करावे लागे, कारण अंगाचा वासच त्यांना असह्य होई. हा द्वेष रागाच्या भरातला नव्हता. तो सभ्य, नियमबद्ध आणि कारभाराच्या भाषेत बोलणारा होता. वाचकाला धसका बसतो तो यामुळे.

९/
याच जमातीचे एक युद्ध फार बोलके आहे. ‘हायवर’ या धूर्त शेजाऱ्यांशी क्क्री लढले. हायवरांनी त्यांना दाखवून दिले की तुमच्याच समाजात मांस खाणारे क्क्री निर्माण करण्याची युक्ती आमच्याजवळ आहे. तेवढ्यावर क्क्री तहाला तयार झाले. मरणापेक्षा ‘ते’ होण्याची भीती मोठी होती. सीमेपलीकडच्या ग्नाकापेक्षा आतला ग्नाक भयंकर.

१०/
अनेकांना क्क्री पाहून मध्य आशियातील अश्वारूढ टोळ्या आठवतात: गवताळ मैदान, कळप, विस्तार. साम्य आहे, पण वरवरचे. मंगोल स्वतः मांसावर आणि दुधावर जगत, आणि लांडग्याला पूर्वज मानत. चरणाऱ्या प्राण्याच्या हितासाठी मांसभक्षकांचा पद्धतशीर संहार करणारे राज्य शोधायचे असेल तर इतके दूर जायला नको. एकोणिसाव्या शतकातील वऱ्हाड पुरेसे आहे.

११/
१८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली दिले. आजचा यवतमाळ जिल्हा तेव्हा या प्रांताच्या आग्नेय टोकाचा डोंगराळ, जंगलाचा मुलूख होता. इंग्रजी दप्तरात त्याचे नाव वणी जिल्हा. १९०५ साली वऱ्हाडच्या जिल्ह्यांची फेरमांडणी झाली तेव्हा त्याला यवतमाळ हे नाव मिळाले. दक्षिणेला पैनगंगा, पूर्वेला वर्धा, मध्ये सागवान, गवत आणि काळी माती.

१२/
या मुलखाचे इंजिन होते बैल. वखर, तिफण, डवरा ओढणार तोच. मोटेने पाणी काढणार तोच. कापसाची बंडी बाजारात नेणार तोच. जमिनीचा सारा रोख भरायचा तर कापूस हवा आणि कापूस हवा तर बैल हवा. आजही पोळ्याला गावोगावी तोरणाखाली बैल उभे राहतात, झडत्या म्हटल्या जातात, बैलाला पुरणपोळीचा घास मिळतो. ती केवळ भावना नाही. ज्याच्यावर घर चालले त्याचा तो मान आहे.

१३/
१८६१ ते १८६५ या अमेरिकी यादवी युद्धाच्या वर्षांत लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकी कापूस मिळेना. भाव भडकले आणि वऱ्हाडच्या काळ्या मातीकडे साऱ्यांची नजर वळली. त्याच दशकात रेल्वेमार्ग वऱ्हाड ओलांडून नागपूरपर्यंत पोहोचला. विसाव्या शतकाच्या आरंभी मूर्तिजापूर ते यवतमाळ अरुंद रुळांची ‘शकुंतला’ धावू लागली, तीही मुख्यतः कापसासाठी.

१४/
पडीक जमीन नांगराखाली आली की सरकारला सारा मिळे, म्हणून सरकारच्या लेखी पडीक म्हणजे वाया गेलेली जमीन. गावाच्या लेखी तेच चराईचे रान होते. लागवड वाढली तशी कुरणे आक्रसली. पण बैल तर वाढतच होते आणि त्यांना गवत हवेच होते. मग गायकी गुरे घेऊन अधिक खोल रानात जाऊ लागला. तिथे वाघ होता.

१५/
वाघाच्या बाजूनेही हिशेब बिघडला. गवत गेले तशी हरणे कमी झाली, आणि जंगलाच्या काठावर संथ चालणारी, पळून जाण्याची सवय मोडलेली गुरे दिसू लागली. गवत, हरीण आणि वाघ ही एक साखळी. गवत, बैल आणि कापूस ही दुसरी. दोन्हींचे पहिले टोक एकच. संघर्ष दातांवरून पेटला असे दिसते, पण त्याचे मूळ गवतात होते.

१६/
सरकारने उत्तर दिले ते दप्तराच्या रूपात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रांतोप्रांतीचे वार्षिक तक्ते तयार होऊ लागले: हिंस्र पशूंनी माणसे किती मारली, गुरे किती मारली, उलट किती पशू मारले गेले आणि त्यांबद्दल किती बक्षीस वाटले. वाघ, बिबट्या, लांडगा, प्रत्येकाचा दर निराळा. नरभक्षकाला जास्त. बछड्यांवरही बक्षीस असे.

१७/
याचा परिणाम किती मोठा होता? इतिहासकार महेश रंगराजन यांच्या अंदाजानुसार १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत भारतात ८०,००० हून अधिक वाघ, १,५०,००० हून अधिक बिबटे आणि सुमारे २,००,००० लांडगे मारले गेले. हे आकडे साऱ्या देशाचे आहेत. माळरानावरचा चित्ता तर पुरता संपला. १९५२ साली तो भारतातून नामशेष झाल्याचे जाहीर झाले.

१८/
आता ‘ग्नाक’ हा शब्द आठवा. आपल्याकडे ‘श्वापद’ हा शब्द आहे. मूळ संस्कृत अर्थ ‘कुत्र्यासारखे पाय असलेला’, इतका साधा. पुढे त्यात सारे शिकारी प्राणी आले. दप्तरातील ‘हिंस्र पशू’ या सदराने आणखी एक पाऊल टाकले: गाईला हात न लावणारा रानातला वाघ आणि माणसे मारणारा वाघ एकाच रकान्यात बसले. एकदा रकाना ठरला की तपास संपतो.

१९/
इथे एक खुलासा आवश्यक आहे. या कथेत कोणी काय खात होते हा मुद्दा नाही. बक्षिसाचे हुकूम काढणारे साहेब मांसाहारी होते आणि शिकार हा त्यांचा षोक होता. वऱ्हाडच्या गावांतही सगळे शाकाहारी नव्हते. शाकाहारी होती ती अर्थव्यवस्था: गवतावर चालणारा बैल आणि मातीतून निघणारा कापूस. क्क्रींचा कळप तिच्या जागी ठेवून पाहा, चित्र जुळते.

२०/
फरकही सांगायला हवा. क्क्रींनी ग्नाकाचे कातडे दिवाणखान्यात टांगले नसते. त्यांना त्याचा स्पर्शही नको होता. इथे मात्र संहारात मिरवणूक मिसळली होती. मारलेल्या वाघावर पाय ठेवून काढलेली छायाचित्रे याची साक्ष देतात. शेतकऱ्याच्या बैलाचे रक्षण हे कारण खरे होते, आणि तेच कारण षोकाला सोयीचे पांघरूणही होते.

२१/
याच मुलखात जगण्याची दुसरी रीतही होती. यवतमाळच्या डोंगरांत गोंड आणि कोलाम राहत आले आहेत. १९१६ साली रसेल आणि हिरालाल यांनी मध्य प्रांतातील जातीजमातींवर लिहिलेल्या ग्रंथात गोंडांच्या वाघदेवाची नोंद आहे. वाघाला देव मानणे म्हणजे त्याच्यावर लोभ असणे नव्हे. त्याच्याशी करार करणे होय: हे तुझे रान, हे माझे गाव, हा तुझा मान. भीती तीच, पण तिच्यातून हद्द निघाली. निर्वंश निघाला नाही.

२२/
स्वतंत्र भारताने दप्तर उलटे केले. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७३ चा व्याघ्रप्रकल्प. ज्याच्या डोक्यावर बक्षीस होते त्याला मारणे गुन्हा ठरले. १९९७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात टिपेश्वर अभयारण्य जाहीर झाले, सुमारे १४८ चौरस किलोमीटरचे. टिपाई देवीवरून त्याचे नाव पडले. आज तिथे वाघ पाहायला लोक लांबून येतात.

२३/
पण शेतकऱ्याला विचारा, रात्री झोप कोण उडवतो? तो सांगेल: रोही आणि रानडुक्कर. रोही म्हणजे नीलगाय, पक्की गवतखाऊ, डुक्कर सर्वभक्षी. कळपाने शेतात शिरून एका रात्रीत पऱ्हाटी, तूर, हरभरा लोळवतात. मचाणावर बसून जागली करावी लागते, फटाके फोडावे लागतात. वाघाने खाल्लेला बैल दिसतो, त्याचा पंचनामा होतो. कळपाने खाल्लेले पीक थोडे थोडे जाते. चरणाऱ्यांपुढचा हल्ल्याचा आकडा यवतमाळने प्रत्यक्ष पाहिला आहे.

२४/
आणि वाघाचा प्रश्नही मिटलेला नाही. २०१६ ते २०१८ या काळात पांढरकवडा आणि राळेगावच्या परिसरात १३ माणसांचे बळी गेले आणि त्यांचा ठपका टी-१ या वाघिणीवर आला. देशाने तिला ‘अवनी’ म्हणून ओळखले. तिला दोन बछडे होते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. न्यायालयाने गोळी घालण्याचा हुकूम थांबवला नाही. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री ती मारली गेली.

२५/
तेव्हा शहरांत मेणबत्त्या पेटल्या आणि त्या परिसरातील गावांत सुटकेचा निःश्वास पडला. दोन्ही खरे होते. ज्याच्या घरचा माणूस कपाशीत काम करताना किंवा गुरे चारताना गेला त्याला ‘तू क्क्री आहेस’ असे सांगण्याचा अधिकार आपल्याला नाही. एका ठरावीक वाघिणीची भीती आणि साऱ्या जातीचा निर्वंश यांत मोठे अंतर आहे. इतिहास वाचताना हे अंतर पुसले जाऊ देऊ नये.

२६/
पुढच्याच वर्षी याच जिल्ह्याने दुसरी गोष्ट दाखवली. टिपेश्वरच्या एका तरुण नराला फेब्रुवारी २०१९ मध्ये रेडिओ कॉलर लावली होती. जूनमध्ये तो निघाला आणि महाराष्ट्र-तेलंगणातील शेते, रस्ते, नाले ओलांडत सुमारे १,३०० किलोमीटर चालून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. स्वतःचे रान शोधणे हेच त्याचे काम होते. ती वाट बहुतांशी कापसातून आणि तुरीतून गेली. रात्री तो चालला आणि गावे झोपलेली राहिली.

२७/
आता पुन्हा खेळाकडे. क्क्री हे दुष्ट म्हणून रचलेले नाहीत. ते कुटुंबवत्सल, शिस्तप्रिय आणि आपल्या कळपासाठी मरायला तयार आहेत. त्यांचा दोष एवढाच की एका खऱ्या शत्रूच्या आठवणीतून त्यांनी एक कायमचा रकाना बनवला आणि त्याला साम्राज्याचे बळ दिले. भीतीने प्राणी पळतो किंवा शिंग उगारतो. भीतीच्या हाती दप्तर, दर आणि बक्षीस आले की मात्र ती थांबायची विसरते.

२८/
म्हणून इतिहासाच्या विद्यार्थ्याने असा खेळ जरूर खेळून पाहावा, आणि एकदा तरी क्क्रीची बाजू घ्यावी. शत्रूची बाजू घेणे सोपे असते. आपल्यासारख्याच घाबरलेल्या कळपाची बाजू घेऊन त्याला कुठे थांबवायचे हे ठरवणे अवघड. वणी जिल्ह्याच्या काळात तो निर्णय एका रकान्यात उरकला गेला. यवतमाळच्या शिवारात आज तो रोज रात्री, जागलीच्या मचाणावर नव्याने घ्यावा लागतो.

(समाप्त)